पाळत

विसराळू झालेले आप्पा फिरायला जाऊन हरवू नयेत, म्हणून लेकीने त्यांच्या कोटाच्या अस्तरात ठावठिकाणा मोबाइलवर दाखवणारा बटणाएवढा ट्रॅकर गुपचूप शिवून टाकला. विचारायला गेली असती, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

सकाळी बागेत आप्पांच्या मोबाइलवर इशारा आला : 'एक अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतो आहे.' पाठलाग करणाऱ्याला चकवण्यासाठी त्यांनी तीन बस बदलल्या आणि परतीची वाट साफ विसरले.

दुपारी मोबाइलवरच्या ठिपक्यामागे धावत लेक शहराच्या पार टोकाच्या थांब्यावर पोचली. तिला पाहताच आप्पांच्या जिवात जीव आला.



"बरं झालं आलीस गं," ते तिच्या कानाशी कुजबुजले, "सकाळपासून कुणीतरी माझ्या मागावर आहे!"