बदलीचा माणूस

दार ढकललं तशी आतली झळ तिच्या तोंडावर आली. खिडक्या बंद, पंखा थांबलेला. आणि खाटेवर वडील ताठ बसलेले. अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड लोकरी स्वेटर, डोक्याला कानटोपी, पायांत मोजे.

"बाबा! अहो, हे काय करून बसलात?"

"थंडी फार आहे," ते म्हणाले. जीभ जड झाली होती.

तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. मागच्याच आठवड्यात लाँड्रीत तिच्या शेजारी इस्त्री करणारी बाई अशीच घाम आटून कोसळली होती. ती पुन्हा उठली नाही.

तिने खिडक्या उघडल्या. बाहेरूनही झळच आली. डोक्यावर नुसती तापलेली गच्ची. उजाडायच्या आत केलेलं अन्नसुद्धा दुपारपर्यंत आंबत होतं. नळ सोडला, तर टाकीतलं पाणी कढत.

"काकू! लवकर या हो!"

शेजारच्या काकू हातातलं टाकून धावत आल्या. त्यांनी अँब्युलन्सला फोन लावला. "येतेय म्हणतात, पण वेळ लागेल. सगळीकडे हेच चाललंय. तोवर अंग गार करा म्हणाले. तू त्यांचे कपडे काढ, मी खालून बर्फ आणते."

तिने स्वेटरच्या बटणाला हात घातला. पाण्याचा पेला न पेलणाऱ्या त्या माणसाने तिची दोन्ही मनगटं आवळली.

"हात लावायचा नाही! शिफ्ट चालू आहे."

उभी हयात त्यांनी बर्फाच्या कारखान्याच्या थंडगार गोदामात काढली होती. हल्ली मन ठिकाणावर नसलं की ते मनाने तिथेच जाऊन बसायचे. तिने विनवलं, रागावून पाहिलं, शेवटी रडली. मनगटं सुटली नाहीत.

काकू बादलीभर बर्फ घेऊन आल्या आणि भलतंच झालं. बर्फ बघून वडील धडपडत उभे राहिले.

"लादी बाहेर कुणी काढली? वितळेल सगळी! आत घ्या!"

दोन पावलं टाकली आणि ते गुडघ्यांवर कोसळले. तिने कसंबसं त्यांना खाटेला टेकवून बसवलं. डोळे फिरायला लागले होते, तरी दोन्ही हात स्वेटरवर घट्ट.

ती उठली. ओढणीने तोंड पुसलं, दारापर्यंत गेली आणि तिथून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दादा, भोंगा झाला."

त्यांनी मान वर केली. "झाला?"

"मघाशीच. मी बदलीचा माणूस. तुम्ही घरी जा आता."

ते तिच्याकडे बघत राहिले. "उशीर केलास रे," म्हणाले आणि स्वतःच बटणं काढू लागले. एक बटण सुटायला जन्म जात होता. तिचे हात शिवशिवत होते, पण ती जागची हलली नाही.

स्वेटर निघाला. पण तो त्यांनी खाली ठेवला नाही, तिच्यापुढे धरला.

"घाल."

"घालते," ती म्हणाली. मग जीभ चावली. "घालतो, दादा."

"अगं, वेड लागलंय का तुला?" काकू कुजबुजल्या.

तिने स्वेटर अंगात चढवला. लोकर त्यांच्या तापाने अजून गरम होती. ते टक लावून बघत होते, म्हणून तिने बटणंही लावायला घेतली. तेव्हा कुठे त्यांनी अंग सैल सोडलं. काकूंनी बर्फाचं पाणी त्यांच्या मानेवर, छातीवर ओतलं. त्यांच्या अंगावरून एक शिरशिरी गेली.

खाली रस्त्यावर अँब्युलन्सचा आवाज आला. काकू जिन्याकडे पळाल्या.

ती बर्फाचे खडे त्यांच्या बगलेत धरून बसली. तिच्या कपाळावरून घामाच्या धारा डोळ्यांत उतरत होत्या. वडिलांनी अर्धवट डोळे उघडले, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नवीन दिसतोस," ते म्हणाले. "वरचं बटण राहिलंय बघ, पोरा. आत फार गारठा असतो."

तिने वरचं बटण लावलं.