पडद्यावरचा कचरा

“हा निव्वळ कचरा आहे, मॅडम.” कॉम्प्युटरवाल्याने लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवलं. हिरवी रेघ थरथरत होती. मध्येच वर चढायची, जरा टिकायची, धपकन खाली यायची आणि पुन्हा चढायची. “वायर तरी ढिली आहे, नाहीतर मशीनच गेलंय.”

फिजिओथेरपिस्टच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या एका रेघेसाठी ती तीन महिने भांडत होती.

बिस्किटी रंगाचं ते मशीन बावीस वर्षांचं होतं. रुग्णाच्या हाताला पट्ट्या चिकटवायच्या. स्नायूत जीव जरासा जरी हलला तरी मशीन तो टिपायचं आणि पडद्यावर रेघ चढायची. हात हलायच्या कितीतरी आधी रेघ हलते, आणि ती बघत बघत माणूस हात हलवायला शिकतो. मशीन ठणठणीत होतं. मेला होता तो त्याच्या जोडीचा जुना कॉम्प्युटर. त्याच्या जागी आलेल्या लॅपटॉपला मशीनची नऊ पिनांची वायर बसेल असं भोकच नव्हतं.

मध्ये जोडायला बोटभर लांबीचा एक कन्व्हर्टर हवा होता. बस्स, एवढंच. तिने खरेदी विभागाला अर्ज केला. तो हरवला. दुसऱ्या अर्जावर ‘जुन्या यंत्रासाठी नवीन खरेदी कशाला?’ असा शेरा आला. तिसऱ्या अर्जावर कन्व्हर्टर आला, पण नकली. लॅपटॉपने त्याला ओळखसुद्धा दाखवली नाही. शेवटी ती स्वतःच बाजारात जाऊन चांगला घेऊन आली. आज तो जोडला, तर लॅपटॉपने त्या जोडणीला अकरा नंबर दिला, आणि मशीनच्या जुन्या प्रोग्रॅमला चारच्या पुढे मोजताच येत नव्हतं. “मग होणार नाही,” म्हणून कॉम्प्युटरवाल्याने हात झटकले. तिने त्याला बाजूला सारलं, सेटिंगमध्ये शिरली आणि अकराचे तीन केले. रेघ उमटली. उमटली ती ही अशी.

आणि हे सगळं बघायला खरेदी विभागाचे साहेब जातीने हजर होते. हातात मशीन भंगारात काढायचा फॉर्म. फक्त तिची सही राहिली होती.

उजव्या हाताला मशीनच्या पट्ट्या लावून खुर्चीत बाइंडरकाका बसले होते. चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेला माणूस. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात जिथे ठेवावा तिथे पडून राहायचा. बोलणं मुळातच मोजकं, ते आता आणखी आटलं होतं. त्यांच्याही कागदावर मोठ्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं: सहा महिन्यांत प्रगती नाही. आजच्या तपासणीत काही दिसलं नाही, तर उपचार बंद.

“मॅडम, कशाला जिवाचा आटापिटा करताय?” साहेब म्हणाले. “आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“माणूस समोर बसलाय, साहेब. त्याला ऐकू येतं.”

“अहो, मी यंत्राचं बोलतोय. ते कुणालाही लावा, हेच दिसणार.”

“कुणालाही?”

“कुणालाही.”

“मग बाही वर करा.”

कॉम्प्युटरवाला हसू दाबत खिडकीबाहेर बघायला लागला. साहेबांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे. पण शब्द तोंडातून गेला होता. त्यांनी मुकाट्याने बाही सरकवली. तिने काकांच्या हातावरच्या वायरी सोडवल्या आणि साहेबांच्या हातावर नव्या पट्ट्या चिकटवल्या. जरा जोरातच चिकटवल्या.

रेघ खाली आली. पट्टीने आखल्यासारखी सरळ.

“मूठ आवळा, साहेब.”

रेघ सरसर वर गेली.

“सोडा.”

रेघ पुन्हा सरळ.

“अरेच्चा,” कॉम्प्युटरवाला म्हणाला, “मशीन तर चांगलंय की!”

साहेबांनी फॉर्मची घडी घातली. त्यांना काय काय सुनवायचं ते तिने तीन महिने मनात घोळवलं होतं. आता तोंड उघडलं, आणि ती तशीच थांबली. मशीन चांगलं, वायर चांगली, नंबर बरोबर. मग मघाची ती रेघ कुणाची होती?

ती वळली. काकांचा हात मांडीवर होता तसाच होता, बोटं सैल. पण त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. दात एकमेकांवर गच्च बसले होते. मानेची शीर टरारून फुगली होती. गेली वीस मिनिटं ती त्यांच्यासाठी भांडत होती, आणि त्या वीस मिनिटांत तिने एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

तिने वायरी काढून काकांच्या हाताला परत लावल्या. रेघ चढली, टिकली, धपकन पडली आणि पुन्हा चढली.

“काका,” ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली, “तुम्ही काय करताय?”

काकांना शब्द जुळवायला वेळ लागला.

“ताई, मला मूठ आवळा म्हणालात,” ते म्हणाले. “मग साहेबांना म्हणालात, सोडा. मला कुणी म्हणालंच नाही.”

तिने त्यांच्या बोटांवर आपला हात ठेवला.

“सोडा, काका.”

पडद्यावरची रेघ हळूहळू खाली आली आणि सरळ झाली.