हलकी चप्पल

उरुसातली कव्वाली यंदा नुकत्याच कापलेल्या ज्वारीच्या रानात होती. अनवाणी गेलं तर पायात धसकटं घुसणार, म्हणून छबूबाई नव्या सुनेला, दैवशालाला, घेऊन ताडकळसच्या बाजारात आल्या.

दुकानदारानं जाड तळाचा जोड पुढं सरकवला. दैवशालानं तो उचलला, काखेत धरला, वरून पदर ओढून बघितला आणि खाली ठेवला.

"जड हाय."

दुसरा जोड काखेत गेला, मग तिसरा.

दुकानदार वैतागला. "बाई, चप्पल घ्यायलाव का कोंबडी? पायात घालून तर बघा!"

दैवशाला खाली मान घालून शोधतच राहिली. शेवटी तिला रबराची एक पातळ चप्पल सापडली. "हीच घेऊ, आत्याबाई. पदराखाली दिसतबी न्हाई."

छबूबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"पारावर माणसं बसली असली की बाईनं चपला हातात घेऊन जायाचं, हे मीच सांगितलं व्हतं न्हवं तुला?"

"व्हय."

छबूबाई दुकानदाराकडं वळल्या. "तो पयला जोड काढा. आन् तसलाच एक माझ्या पायाचाबी. आज दोघी पारापुढून घालूनच जाऊ. काय म्हणतेत ते मी बघते."

दैवशालानं मोठा श्वास सोडला. मग त्याच जाड तळाच्या चपलेत पाय घालून ती दुकानात चार पावलं चालली.

"न्हाई आत्याबाई," ती हसली, "लय हलकी हाय."