पाहुण्या गाडीची तपासणी

"या वेळी गाडी समोर आणल्याशिवाय शिक्का बसणार नाही," कस्टमबाई म्हणाल्या. "नवीन साहेबांचा नियम आहे. उद्या दुपारी एक वाजता, मागच्या आवारात."

फिटरने मान डोलावली, हेल्मेट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं आणि तो बाहेर पडला.

परदेशातल्या या कागद कारखान्यात यंत्रं बसवायला तो आला, तेव्हा आपल्या देशातून मोटारसायकल चालवतच आला होता. अशा पाहुण्या गाडीला इथे तात्पुरता परवाना लागे आणि दर तीन महिन्यांनी त्याची मुदत वाढवून घ्यावी लागे. मुदत चुकली की गाडी जप्त. मालकाने खोटं सांगितल्याचं उघड झालं, तर मालकाचीच रवानगी सरहद्दीपार. फिटरचं एका वर्षाचं काम लांबत लांबत चार वर्षांवर गेलं आणि गाडीपायी त्याने या ऑफिसचा उंबरठा झिजवला.

कस्टमबाई हे नाव कारखान्यातल्या लोकांनी ठेवलेलं. बाई पंचेचाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि चुका काढण्यात हात धरणारं कोणी नाही. पहिल्या वर्षी त्यांनी फिटरला तीनदा हात हलवत परत पाठवलं होतं. एकदा तर इंजिनच्या नंबरातला सात त्यांना एकासारखा दिसला, एवढ्यावरून.

मग एके दिवशी त्यांची खुर्ची फार कुरकुरते म्हणून फिटरने ती तिथेच उलटी करून दुरुस्त केली. त्या दिवसापासून खिडकीवरचं बोलणं कागदांच्या पलीकडे जाऊ लागलं. कधी बाईंच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी, कधी कारखान्यातल्या गमती. अलीकडे बाई त्याला दुपारच्या सुट्टीतच बोलवत. तेव्हा गर्दी नसते, असं त्या म्हणत. शुल्कसुद्धा घेत नसत. जुन्या परवान्यांना माफ झालंय म्हणे.

सगळं सुरळीत चाललं होतं. अडचण एकच होती, गाडी नव्हती.

दीड वर्षापूर्वी फिटरचा खांदा निखळला आणि डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. कारखान्यातला त्याच्याच गावचा वेल्डर तेव्हा कायमचा घरी परतत होता. फिटरने गाडी त्याच्या हवाली केली. वेल्डरने ती सरहद्दीपार नेली आणि फिटरच्या थोरल्या बहिणीच्या दारात नेऊन उभी केली.

पुढच्या मुदतीला परवाना बंद करा असं सांगायलाच फिटर ऑफिसात गेला होता. बाईंनी चष्मा वर केला, हसल्या आणि म्हणाल्या, "आलात? सकाळपासून वाट बघतेय." फिटरचा हात खिशात गेला आणि बाहेर आला तो मुदतवाढीचा अर्ज घेऊनच.

तेव्हापासून तो बसने यायचा. कोपऱ्यावर उतरला की केस चपटे दिसावेत म्हणून घटकाभर हेल्मेट घालायचा. खोट्याला पाय नसतात म्हणतात. त्याच्या खोट्याला तर चाकंही नव्हती.

संध्याकाळी त्याने ताईला फोन लावला. तशीच एखादी गाडी भाड्याने आणून उभी करू का, असं विचारलं. ताई आधी पोट धरून हसली. मग गंभीर झाली.

"नंबराची पाटी बदलशील रे, पण त्या बाईंच्या डोळ्यांकडे कसं बघशील? जाऊन खरं सांग. हाकललं तर घरी ये, गाडी इथेच आहे."

दुसऱ्या दिवशी फिटरने धुवून वाळवलेला शर्ट घातला. हेल्मेट खुंटीलाच राहू दिलं. बसमध्ये त्याने काय बोलायचं ते चारदा मनात जुळवलं आणि चारही वेळा विसरला.

मागचं आवार रिकामं होतं. भिंतीच्या सावलीत एक बाक, बाजूला जप्त केलेल्या दोन गाड्या धूळ खात पडलेल्या. ठरल्या वेळेला बाई फाइल घेऊन आल्या. त्यांनी आवारभर नजर फिरवली. गाडी कुठे आहे, हे मात्र विचारलं नाही.

"मॅडम, गाडी नाहीये," फिटर म्हणाला. "दीड वर्षापूर्वीच घरी गेली. मी खोटं बोलत आलो. शिक्का नको होता मला. तुमच्याशी दहा मिनिटं बोलायला मिळायची, म्हणून यायचो. आता साहेबांना काय कळवायचं ते कळवा. माझी तक्रार नाही."

एवढं बोलून तो जमिनीकडे बघत उभा राहिला. बाई बाकावर बसल्या आणि शेजारची जागा त्यांनी पदराने पुसली.

"बसा," त्या म्हणाल्या आणि फाइल उघडून त्याच्या हातात दिली. आत एकच पिवळी चिठ्ठी होती. "गाडी सरहद्द ओलांडून गेली की तिथून ही चिठ्ठी माझ्या टेबलावर येते. तुमचा परवाना मी त्याच आठवड्यात बंद केला."

फिटरने चिठ्ठीवरची तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"मग तुम्ही मारलेले शिक्के?"

"ते नुसते तारखेचे होते."

फिटर बाकावर टेकला. मग त्याने विचारलं, परवानाच बंद आहे, तर नवीन साहेबांनी आज तपासणी ठेवली कशाची?

"नवीन साहेब कोणी आलेलेच नाहीत," बाई म्हणाल्या. "दीड वर्ष वाट पाहिली. म्हटलं, आता आपणच काहीतरी करायला हवं."