फक्त ओठ हलवा

माझी नात पूर्वा ग्वाल्हेरच्या घरी बसून जपानी ॲनिमे मालिकेसाठी चित्रं काढते. एक म्हातारा लढवय्या शेवटच्या युद्धाआधी डोक्याला फडकं बांधतो, त्या प्रसंगासाठी तिनं महिनाभर मला फेटा बांधायला लावला. माझी बोटं कुठं अडतात तेही टिपलं. काल कंपनीतून फोन आला. मालिका जगभर गाजली, भाग दुप्पट होणार, पूर्वाला बढती. मात्र वेळ नाही. फडकं आधीच बांधलेलं दाखवा, बोलताना त्याचे फक्त ओठ हलवा. “मालिका चालली, म्हणून हात नकोत?” मी विचारलं. “हो आजोबा. चलती है, तभी तो जल्दी है.” तिनं पडद्यावरचे माझे हात पुसले, मग स्वतःचे डोळे. “पेढे आणा ना, बढती झालीय.” महाराजबाड्याच्या चौकात हलवायानं विचारलं, “दादा, किस खुशी में?” मी पैसे काढले. “आधा किलो दे दो. घर पर पूछकर बताता हूँ.”