कडू थेंब

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून गोजरबाईंना ज्याचा त्याचा संशय येत होता. डोळ्यात थेंब घातला की घसा कडू व्हायचा. दुकानदारानं भलतीच बाटली गळ्यात मारली, असं त्या घनसावंगीत येईल त्याला सांगत होत्या. आज मात्र संशय सुनेवर होता. कालपासून मनीषा दोन महिन्यांच्या नातीला त्यांच्या मांडीवर देत नव्हती.

"आत्याबाई, शेजारच्या काकू खोकल्यानं बेजार हायेत. दोन दिवस तुमीच त्यांना भरवलं. आता चार दिवस दम धरा."

"मंग? तोंडाला मास्क होता की माझ्या."

"डोळे तर उघडेच होते. समोरचा खोकलला की डोळ्यातूनबी घशात उतरतं, डॉक्टरच म्हणले."

"डोळ्यातून घशात?" गोजरबाईंनी पदर सावरला. "सहा लेकरं न्हाऊमाखू घातली मी. आमच्या वेळी असली सोंगं नव्हती. लेकरू द्यायचं न्हाई, तर सरळ तसं सांग."

मनीषानं थेंबाची बाटली घेतली. रोजच्या वेळेला तिनं सासूच्या डोळ्यात थेंब घातला आणि ती चुलीकडं गेली. दोघींच्या कुरबुरीला कंटाळलेल्या सुग्रीवनं पाळण्यातली लेक उचलून आईसमोर धरली.

"घे गं माय, एकदाची."



गोजरबाईंनी दोन्ही हात पुढं केले, आवंढा गिळला, डोळ्यातला थेंब घशात कडू लागला, तसे हात मागं घेत म्हणाल्या, "चार दिवस लांबच ठेव रे तिला."