छपराखालच्या शेळ्या

"दाराला हात लावू नकोस," लॉइड झूएल म्हणाला.

कातरणाऱ्या टोळीचा मुकादम यूसेबियो याचा हात छपराच्या कडीवरच राहिला. उत्तरेचा वारा सुटला होता. बर्फासारखा पाऊस आडवा मारत होता. सकाळी कातरलेल्या चारशे अंगोरा शेळ्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढत होत्या. उघड्या, गुलाबी. वरच्या गारठत होत्या, खालच्या गुदमरत होत्या. टोळीतली पाच माणसं शिंगं धरून एकेकीला ओढून काढत होती. सोडली की शेळी परत त्याच ढिगात घुसे.

आणि छपराखाली न कातरलेल्या चारशे उभ्या होत्या. अंगावर वीतभर केस. कोरड्या. निवांत रवंथ करत.

"मालक, या बाहेर काढू, त्या आत घेऊ. यांना काय होतंय? यांच्या अंगावर कोट आहे."

"केस भिजतील. ओले केस गोणीत भरता येत नाहीत."

"वाळतील की चार दिवसांत!"

"चार दिवसांनी नवं वर्ष लागतं."

मोहेअर, म्हणजे या अंगोरा शेळ्यांचे केस, विकणाऱ्याला सरकार चाळीस वर्षं वरून पैसे देत आलं होतं. जो जास्त विकेल त्याला जास्त. म्हणजे ज्याचं पोट आधीच भरलेलं, त्यालाच वाढायचं. वाकून वाकून कातरणाऱ्याची पाठ कोणत्याच अर्जात नव्हती. आता वॉशिंग्टनने ही योजना गुंडाळली होती. एकतीस डिसेंबरपर्यंत विकलेल्या मालावर शेवटचे पैसे, मग काही नाही. म्हणून लॉइडने फेब्रुवारीची कातरणी डिसेंबरातच काढली. थंडीत कातरताना शेळीच्या कण्यावर चार बोटं केसांची पट्टी सोडतात. पावसात तीच तिला जगवते. यूसेबियोने सकाळी ती सोडायला घेतली, तर लॉइड म्हणाला, "शेळीवर राहिलेली पट्टी काय मी चाटू?"

यूसेबियोने ऐकलं. त्याची टोळी वर्षातून दोनदा इथे येई. मजुरी शेळीमागे. हा कळप म्हणजे सहा घरांची चूल होती.

"मुकादम, मालकांचा कोट मागा!" कोपऱ्यातून चुई ओरडला. "एक तरी वाचेल!"

कोणी हसलं नाही. चुईच्या हातातली शेळी मान टाकून लोंबत होती.

यूसेबियोने टोपी काढली. तीस वर्षांत त्याने या माणसापुढे टोपी काढली नव्हती.

"मालक, हात जोडतो. केसांचं नुकसान माझ्या मजुरीतून कापा. सगळी मजुरी कापा. पण निम्मा कळप डोळ्यांदेखत मरतोय. आणि या आतल्या कातरून बाहेर सोडल्या की त्याही जाणार. मग ऑगस्टात आम्ही येऊन काय एकमेकांच्या मिशा कातरायच्या?"

लॉइडने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. साधी गोष्ट न कळणाऱ्या माणसाकडे पाहतात तसं.

"ऑगस्टात?" तो म्हणाला. "अरे, एक तारखेनंतर यांना चारा घालणार कोण? थंडीने नेल्या तर कसायाकडे न्यायच्या ट्रकचं भाडं वाचलं. तू आत जा. कोरड्या आहेत तोवर उरक."